ड्यूटी संपली, झोप कधी? माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी पायरी-पायरीनं

आमच्या घरी रात्री अडीचच्या सुमारास कडीचा आवाज व्हायचा. आधी पुढच्या दाराची कडी, मग परसदाराची, मग गोठ्याकडं बॅटरीचा झोत. आबा फेरी मारून यायचे, खाटेवर बसायचे आणि पाच वाजेपर्यंत तसेच बसून असायचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते पेन्शनवर आले तेव्हा मी सातवीत होते. आईनं त्यांना कधी काही विचारलं नाही. गल्लीत तर सगळे कौतुकानं म्हणायचे, 'मेजरांची झोप सावध असते.' आबांना त्रास होत होता आणि त्या त्रासावर इलाज होता, हे मला कळलं ते मानसशास्त्र शिकायला लागल्यावर. तोवर त्यांची पंधरा वर्षं अशी बसून गेली होती.

आता मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते. सैनिक टाकळीचे, गडहिंग्लजकडचे, चंदगड-आजऱ्याचे, कागलचे माजी सैनिक येतात. बहुतेकांना बायको किंवा मुलगी घेऊन येते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'झोपेची गोळी बदलून मिळंल काय?' गोळी देणं डॉक्टरांचं काम, ते मी करत नाही. पण गोळीशिवायचा जो उपचार आहे, तो नवख्या माणसाला कळेल अशा शब्दांत कुठं लिहिलेला सापडत नाही. म्हणून हा लेख.

या उपचाराला डॉक्टर मंडळी सीबीटी-आय म्हणतात. झोपेभोवतीच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाश बरा करायचा, असा त्याचा अर्थ. साधारण सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं की जुन्या निद्रानाशावर प्रौढांना पहिल्यांदा हाच उपचार द्यावा, गोळीचा विचार त्यानंतर. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं तर आपल्या दवाखान्यांतल्या माणसांना याचं खास प्रशिक्षण दिलं. त्यांचं 'सीबीटी-आय कोच' नावाचं मोफत ॲपही आहे, पण ते इंग्रजीत आहे. आपल्याला शंभर पानी वही आणि पेन पुरतं.

झोप गेली कशी आणि परत का येत नाही

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथंच बहुतेकांचा घोळ होतो.

झोप जाण्याचं निमित्त फौजेत मिळतं. दोन तास संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, चार तास आराम, पुन्हा दोन तास. पहाट व्हायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज राहायचं. उंचावरच्या पोस्टवर तर विरळ हवेत श्वासच झोप मोडतो. वीस-बावीस वर्षं शरीर एकच गोष्ट शिकतं: गाढ झोपणं धोक्याचं. तिथं ते खरंही होतं. त्याच सवयीनं तुम्हाला आणि तुमच्या जोडीदाराला जिवंत ठेवलं.

पण पेन्शन येऊन पाच-सात वर्षं झाली तरी झोप येत नाही, त्याचं कारण बरेचदा आपण घरी आल्यावर सुरू केलेल्या गोष्टींत असतं. रात्री झोप झाली नाही म्हणून नऊलाच आडवं व्हायचं. पहाटे डोळा लागला म्हणून सातपर्यंत लोळायचं. दुपारी जेवून दीड तास ताणून द्यायची. झोप यावी म्हणून कँटीनची रम. अंथरुणावर मोबाईल. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं टाकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. आग पेटवली कुणी, याला मग महत्त्व राहत नाही. चिपाडं पडतात तोवर काहील उकळत राहते. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे नीट मांडलं: निद्रानाशाला मुळातला स्वभाव लागतो, एखादं निमित्त लागतं, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी लागतात. स्वभाव बदलत नाही, निमित्त होऊन गेलेलं असतं. सवयी मात्र आपल्या हातात आहेत आणि सगळा उपचार तिथंच चालतो.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार लवकर जाग येते, असं तीन महिने चाललंय आणि दिवसा त्याचा त्रास होतोय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चार-आठ दिवस झोप गेली, तर ती बहुधा आपोआप येते. तिच्या मागं लागू नका.

आधी डॉक्टर, मग वही

काही दुखणी निद्रानाशाचं सोंग घेऊन येतात. जोरात घोरता का? घोरता घोरता श्वास अडकतो, मग दचकून जाग येते, असं बायको सांगते का? मग ते स्लीप ॲप्निया असू शकतं, त्याची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळा. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट बघून घ्या. पायात वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर रक्तातलं लोह तपासा. गुडघे, कंबर, जुन्या जखमेचं दुखणं, थायरॉईड, चालू असलेली औषधं, हे सगळं डॉक्टरांपुढं मांडा.

ज्यांना फिट येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं), जे झोपेत चालतात, किंवा ज्यांच्या ॲप्नियावर अजून उपचार सुरू नाही, त्यांनी खाली सांगितलेली झोप आवळण्याची पायरी स्वतःच्या मनानं अजिबात करू नये. बायपोलरमध्ये कमी झोपेनं आजार उसळतो, फिटच्या रुग्णाला फिट येऊ शकते.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये आधी दाखवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं आहे असं स्पष्ट सांगा. कार्डाचं काम अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि टेली-मानस ही सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे: नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती पुढं ढकलण्यासारखी नाही. बरेच माजी सैनिक बँकेत किंवा कारखान्यावर गनमन असतात, घरी परवान्याची बंदूक असते. झोप उडालेल्या आणि मनानं खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक असू नये. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर ती आजच दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जाऊ द्या. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं रीतसर जमा करता येते. आणि त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. अशा वेळी वही बाजूला ठेवायची.

पहिली पायरी: झोपेची वही

दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. सकाळी चहाच्या वेळी, अंदाजानं. अंथरुणावर किती वाजता पडलो, झोप लागायला साधारण किती वेळ गेला, मध्ये किती वेळा उठलो आणि एकूण किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. बाजूला चहा किती, तंबाखू किती, दारू किती, दुपारी झोपलो का, आणि स्वप्न पडलं असेल तर एक खूण.

रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवा, मोबाईल सोप्यात ठेवा. दोन वाजले, पावणेतीन वाजले, असा हिशेब करणारं डोकं झोपत नसतं.

फौजी माणूस नोंद ठेवण्यात पक्का असतो, हे माझं नेहमीचं निरीक्षण आहे. शिरोळकडच्या एका हवालदारांनी मला दोन आठवड्यांची वही दाखवली ती पट्टीनं रेघा मारून, चोवीस तासांच्या वेळेत. ओळख पटू नये अशा बेतानं, त्यांच्या परवानगीनं त्यांचे आकडे देते. साडेनऊला आडवे होत, सहाला उठत. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास, ५१० मिनिटं. त्यात खरी झोप सरासरी सव्वापाच तास, ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५१०, गुणिले शंभर: ६२ टक्के. अंथरुणावरचा तीन तासांहून जास्त वेळ ते छताकडं बघत होते, रोज. हा आकडा काढल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या टक्क्याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. पुढचा सगळा उपचार याच आकड्यावर चालतो.

दुसरी पायरी: उठण्याची वेळ, रोज तीच

झोपायची वेळ नंतर. आधी उठायची ठरवा, आणि रविवार, अमावस्या, जत्रा, काहीही असो, तीच ठेवा. ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला हे सोपं जातं. पाचला धार काढायची, साडेसहाच्या आत डेअरीला दूध घालायचं, म्हैस सुट्टी देत नाही. शहरात राहणाऱ्यांनी दुसरं कारण शोधावं. रंकाळ्याला फेरी मारणारे बरेच माजी सैनिक मला माहीत आहेत. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीरातलं घड्याळ जुळतं, म्हणून उठल्यावर अर्धा तास बाहेर घालवा. रात्र कशीही गेली तरी उठायचं त्याच वेळी.

तिसरी पायरी: झोप आवळणे

इथं माणसं बिथरतात. त्या हवालदारांचे शब्द होते, 'मॅडम, झोप न्हाई म्हणून आलोय, आणि तुम्ही आणखी जागं राहा म्हणताय?'

हो, तेच म्हणते. झोपेलाही भूक असते. दिवसभर चरत राहिलेल्या माणसाला जेवणाच्या वेळी भूक लागत नाही, तसं साडेआठ तासांत तुकड्यातुकड्यानं झोपणाऱ्याला गाढ झोप लागत नाही. काही दिवस अंथरुणातला वेळच कमी केला की भूक साठते आणि झोप एकसंध होते. एकसंध झाली की मग तिला वाढवत न्यायचं.

कृती अशी. वहीतली सरासरी खरी झोप घ्या, त्यात थोडी भर घाला, ती तुमची खिडकी. हवालदारांची सव्वापाच तास होती, आम्ही साडेपाच धरली. उठायचं पाचला. मग अंथरुणावर जायचं रात्री साडेअकराला, त्याच्या आधी नाही. कुणाचीही खिडकी पाच तासांखाली आणायची नाही, वहीत चारच तास झोप दिसली तरी.

दर आठवड्याला पुन्हा टक्केवारी काढा. ८५ किंवा वर असेल तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडं घ्या. ८० ते ८५ च्या मध्ये असेल तर तसंच चालू द्या. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कमी करा, पण पाच तासांची मर्यादा सोडू नका. साठीच्या पुढच्यांना मी जरा सैल धरते.

हवालदारांचा पहिला आठवडा: साडेपाच तासांत साडेचार तास झोप, ८२ टक्के. चिडचिड, डोळ्यांत वाळू, आणि मला एक रागाचा फोन. दुसरा आठवडा: चार तास पन्नास मिनिटं, ८८ टक्के. आम्ही सव्वाअकरा केले. तिसरा: पावणेसहा तासांत पाच तास दहा मिनिटं, ९० टक्के. अकरा केले. आठव्या आठवड्यात ते साडेदहाला झोपत होते आणि साडेसहा तासांतले जवळजवळ सहा तास खरी झोप होती. एकूण झोप पाऊण तासानंही वाढली नव्हती, तरी घरात माणूस बदलला होता, कारण ती सलग होती.

पहिले दोन आठवडे त्रासाचेच जातात, हे मी आधीच सांगून ठेवते. त्या काळात लांबची गाडी चालवू नका. ट्रॅक्टर, कडबा कुट्टी, उसाची मोळी घेऊन शिडी चढणं, ही कामं दुसऱ्याकडं द्या. ऊसतोडीच्या ऐन धांदलीत उपचार सुरू करू नका. आणि रात्रीच्या लायटीची पाळी असेल त्या आठवड्यातही नको. रात्री दोनला मोटर चालू करून उसाला पाणी पाजायला जाणाऱ्यानं झोपेची खिडकी पाळायची कशी? दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यापासून सुरुवात करा, आणि पुढच्या पाळीला भावाला किंवा शेजाऱ्याला विनंती करा, बदल्यात त्याचं दिवसाचं पाणी तुम्ही पाजा. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांनी मात्र ही पायरी तज्ज्ञाबरोबरच करावी. त्यांची खिडकी दिवसा बसवावी लागते आणि ते वेगळंच गणित आहे.

चौथी पायरी: अंथरूण फक्त झोपेसाठी

जागेपणीचे तास जिथं वर्षानुवर्षं गेले, ती जागा बघूनच शरीर सावध होतं. सोप्यात टीव्हीपुढं पेंगणारा माणूस अंथरुणावर गेला की टक्क जागा होतो, ते यामुळं. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली यावरचे नियम मांडले आणि ते आजही तसेच वापरतात. अंथरुणावर झोप आणि नवरा-बायकोचा सहवास, एवढंच. टीव्ही, मोबाईल, हिशेब, भांडण, काळजी, सगळं बाहेर. डोळे मिटायला लागले तरच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठायचं, दुसरीकडं बसायचं, पेंग आली की परत जायचं. रात्रीतून पाच वेळा उठावं लागलं तर पाच वेळा.

'दुसरी खोली कुठली?' हा प्रश्न मला पुस्तकांनी शिकवला नाही, माणसांनी विचारला. दोन खोल्यांत सहा जण झोपतात, उठून जायचं कुठं? सोप्यात नाही तर पडवीत एक खुर्ची आधीच मांडून ठेवा, पायाशी घोंगडं आणि मंद दिवा. तिथं काय करायचं तेही संध्याकाळीच ठरवा: हरिपाठ वाचणं, शेंगा फोडणं, जुन्या फोटोंची नीट लावालाव. टीव्ही नको, चहा नको, आणि गोठ्याची फेरी तर मुळीच नको.

आपल्या जुन्या घरांत सकाळी अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात उभी करत. ती पद्धत या उपचाराला फार सोयीची आहे. दिवसभर अंथरूण दिसलंच नाही तर त्यावर लोळणं होत नाही. बॅरेकमध्ये बिस्तर आवरायची सवय तुम्हाला आहेच.

दुपारची झोप या आठ आठवड्यांत बंद. अगदीच पेंग आली तर खुर्चीत वीस मिनिटं, तीनच्या आत.

पाचवी पायरी: फेरी आणि कडी-कोयंडे

इतरांच्या निद्रानाशात ही पायरी लागत नाही. फौजींच्या घरात लागतेच, म्हणून इथं जरा थांबते.

रात्री तीनदा उठून दार तपासणं, भिंतीला पाठ लावून दाराकडं तोंड करून झोपणं, उशाला काठी किंवा कोयता ठेवणं, कुत्रं भुंकलं की बाहेर जाणं. प्रत्येक फेरीनंतर मनाला क्षणभर बरं वाटतं आणि मन शिकतं, 'फेरी मारली म्हणून घर सुरक्षित राहिलं.' फेरी नसती मारली तरी घर सुरक्षितच राहिलं असतं, हे त्याला कधी तपासायलाच मिळत नाही. 'मी झोपलो तर घराकडं कोण बघणार', हा विचार त्यातून घट्ट होत जातो.

फेऱ्या एकदम बंद करायला मी सांगत नाही. ते टिकत नाही. एक फेरी ठेवायची, झोपायच्या पंधरा मिनिटं आधी, नीट, सावकाश: पुढचं दार, परसदार, गॅस, गोठा. मग वहीत वेळ टाकून लिहायचं. हवालदार लिहायचे, '२३.१५. फेरी झाली. सब ठीक.' खाली सही. एवढं झालं की ड्यूटी हँडओव्हर. रात्री जाग आली आणि हात कडीकडं निघाला, तर आधी वहीतली ती ओळ वाचायची. रात्रीतल्या तीन फेऱ्यांच्या पहिल्या आठवड्यात दोन करा, मग एक, मग फक्त झोपायच्या आधीचीच. उशाची काठी आधी खाटेखाली, मग दाराआड, मग पडवीत. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार रात्री काढा. सकाळी उठून घर जागेवर आहे हे बघणं, हाच यातला उपचार आहे.

विचारांचं थोडं

'आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस वाया', 'आठ तास मिळालेच पाहिजेत', 'या गोळीशिवाय मला जमणारच नाही'. रात्री दोन वाजता हे विचार कायदा वाटतात. वही उघडून तपासा: ज्या दिवशी साडेचार तास झोप झाली त्या दिवशी खरंच काय बिघडलं? दूध घातलं, बाजार केला, थोडा चिडलो. बस्स. आठ तासांचा नियम सगळ्यांना लागू नाही.

जमिनीचा वाद, मुलाची भरती, पेन्शनची थकबाकी, यांच्यासाठी संध्याकाळी सहा-साडेसहाला वीस मिनिटं राखून ठेवा आणि लिहून काढा: काळजी कशाची, उद्या त्यातलं काय करता येईल. रात्री तोच विषय आला तर 'लिहिलंय, उद्या सहाला बघू' एवढंच मनाशी म्हणा.

वाईट स्वप्नं पडत असतील तर

ज्यांना तेच ते स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं, त्यांच्यासाठी वेगळा सराव आहे. स्वप्न दिवसा, जागेपणी, कागदावर लिहायचं आणि त्याचा शेवट किंवा मधला कुठलाही भाग आपल्याला हवा तसा बदलायचा. मग ते बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात बघायचं.

एका निवृत्त नाईकांना स्वप्नात बर्फात रस्ता चुकलेला दिसायचा, मागून साथीदाराची हाक यायची आणि पाय उचलत नसत. त्यांनी लिहिलं: पाय उचलत नाहीत, म्हणून मी खाली बसतो. बर्फाखाली आमच्या शेतातला पाट लागतो. पाटाच्या कडेनं चालत गेलं की घरची विहीर येते, साथीदार तिथं पाय धूत बसलेला असतो. हे त्यांचं त्यांनीच शोधलं. असं काही मला सुचलं नसतं. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, मधल्या ताकदीचं घ्या. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. आणि दिवसाही ते प्रसंग डोळ्यांपुढं येत असतील, फटाक्यानं किंवा मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या दणक्यानं अंग थरथरत असेल, तर तो आघातानंतरचा त्रास असू शकतो. त्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडं, झोपेच्या उपचाराच्या जोडीनं घ्यावा लागतो.

रम, चहा, तंबाखू, गोळी

रम झोप लवकर आणते आणि उत्तररात्री मोडते. स्वप्नंही वाढवते, घोरणंही. पण रोज भरपूर घेणाऱ्यानं एका दिवसात बंद करू नये, हातपाय कापतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवा. झोपेच्या गोळ्यांचंही तेच: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेतली असेल तर मनानं सोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील. उपचार गोळी चालू असतानाही करता येतो.

चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात, म्हणून दुपारी दोननंतर चहा नको. तंबाखू-मशेरी उत्तेजक आहे, रात्री जाग आल्यावर तोंडात टाकली की झोप गेलीच समजा. तांबडा-पांढरा ओरपायचा असेल तर दुपारी. एवढंच. फक्त चहा सोडून आणि दूध-हळद पिऊन जुना निद्रानाश जात नाही, हे मी ठामपणे सांगते, कारण माणसं तेवढंच करून थकलेली असतात.

घरच्यांसाठी

स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. झोपेतच हात गळ्यापर्यंत गेल्याच्या कहाण्या मी बायकांच्या तोंडून ऐकल्या आहेत आणि सकाळी त्या माणसाला होणारी लाजही पाहिली आहे. पायाकडच्या बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहा, दिवा लावा, साध्या आवाजात बोला: 'अहो, मी आहे. आपण घरी आहोत.' ते पूर्ण जागे झाल्यावर पाणी द्या. स्वप्नात काय दिसलं हे तेव्हाच विचारू नका.

काही दिवस वेगळं अंथरूण घातलं तर संसार मोडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ते चिडतील आणि रात्री अकराला सोप्यात पेंगताना दिसतील. तेव्हा दया येऊन 'जा, पडा जरा' म्हणू नका. त्याऐवजी दोन डाव पत्ते खेळा. आमच्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आबांना आठलाच अंथरूण घालून द्यायची, मायेनं.

झोप पुन्हा मोडली तर

मोडणारच. गणपतीचे दिवस, लग्नसराई, दिवाळीचे फटाके, आजारपण, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढल्यावरच्या रात्री. त्या जाऊ द्या, त्यांची भरपाई करायला लवकर झोपू नका आणि उशिरा उठू नका. त्यानंतरही दोन आठवडे गाडी रुळावर आली नाही, तर वही पुन्हा काढा, आठवडाभर लिहा, टक्के काढा आणि खिडकी थोडी आवळा.

ते हवालदार गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा आले. भावकीचं कोर्टात गेलं होतं, महिनाभर झोप नव्हती. पिशवीतून नवी वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आठवड्याच्या नोंदी भरलेल्या होत्या, टक्के काढलेले होते, आणि झोपायची वेळ त्यांनी स्वतःच अर्ध्या तासानं पुढं ढकलली होती. मी फक्त बेरीज तपासली. ती बरोबर होती.